लखमाचा अंगठा आणि नऊ दातांचा सेल्फ

संपादकांचा फोन आला तेव्हा मी एका टेम्पोखाली उताणा पडलेलो होतो. ‘तुमच्या व्यवसायातला एखादा प्रेरणादायी अनुभव दिवाळी अंकासाठी लिहून द्या,’ असं त्यांचं म्हणणं. नेमकं त्याच वेळी नाकावर ग्रीस पडलं, त्यामुळे मी ‘हो’ म्हणालो की नुसतं ‘हं’ म्हणालो ते आता आठवत नाही. त्यांनी ‘हो’ धरलं. म्हणून आधीच सांगून ठेवतो, पुढे जे लिहिलं आहे त्यातून कुणी प्रेरणा घेऊ नये. घेतलीच तर ज्याची त्याची जबाबदारी.

तलासरीला हायवेच्या कडेला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. घर डहाणूला. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, त्यामुळे घरात एकाचे हात खडूने पांढरे आणि एकाचे काळे, असा संसार झाला. आता ती निवृत्त आहे आणि दुकान भाचा बघतो. मी रोज ‘नुसता बघायला’ जातो आणि कुठल्यातरी गाडीखाली सापडतो. मला सगळे नाना म्हणतात. ट्रकवाले ‘सेल्फवाले नाना’ म्हणतात, कारण माझं आयुष्य सेल्फ या एकाच वस्तूत गेलं.

ज्यांनी आयुष्यात कधी बॉनेट उघडलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. डिझेल इंजिन आपणहून सुरू होत नाही. आधी कुणीतरी त्याला गरागरा फिरवावं लागतं, मग ते पेट घेतं. हे फिरवण्याचं काम सेल्फ करतो. मोठ्या पपईएवढी बॅटरीवर चालणारी मोटर असते. तिच्या पुढे पिनियन, म्हणजे दातांचं छोटं चाक. बटण दाबलं की हे पिनियन पुढे उडी मारतं, इंजिनाच्या मोठ्या चाकावर बसवलेल्या दातेरी रिंगला धरतं, तिला फिरवतं आणि इंजिन सुरू झालं की निमूट मागे येतं. दोन सेकंदांचं काम. मग दिवसभर इंजिनाला लटकून आराम. बायकोला मी म्हणायचो, याला सरकारी नोकरीतच घ्यायला हवं होतं. त्यावर ती जे म्हणायची ते अंकात छापता येणार नाही.

जुन्या ट्रकला दुसरा सेल्फ निवडणं म्हणजे पत्रिका जुळवण्यासारखंच. बारा व्होल्टचा की चोवीसचा, बोल्टची भोकं जुळतात का, फिरतो कुठल्या बाजूला, ताकद किती, आणि पिनियनला दात किती. एक गुण कमी पडला तरी संसार होत नाही. पण आमच्याकडे वधूवरांची भेटच घडत नाही. ट्रक कुठेतरी शेताच्या बांधाला पडलेला असतो आणि ड्रायव्हर मेलेला सेल्फ गोणपाटात बांधून, एसटीत मांडीवर घेऊन माझ्या टेबलावर आणून आपटतो. ‘नाना, असाच दुसरा द्या.’ मी गोणपाट सोडायचो, मयताकडे बघायचो आणि तसाच दुसरा द्यायचो. हल्ली गोणपाटही गेलं, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो येतो. एकाने पाठवलेल्या फोटोत सेल्फचं टोक, त्याचं स्वतःचं पाऊल आणि एक मांजर होतं. त्यावरून मी निवड करावी अशी अपेक्षा होती. मी केली, आणि ती बरोबर निघाली. असल्या गोष्टींनी माणूस बिघडतो.

मीही बिघडलो होतो. आवाज ऐकून दात सांगायचो, वास घेऊन रोग सांगायचो. गाडी बघायला जाणं मला कमीपणाचं वाटायला लागलं होतं.

अशा माझ्या भरभराटीच्या काळात हिराबायच्या ट्रकचा सेल्फ आला.

हिराबाय नरपडची. समुद्राकाठी तिचं बोंबील आणि जवळा वाळवायचं खळं आहे, आणि एक जुना सहाचाकी ट्रक. पावसाळ्याआधी आतल्या गावांत लोक सुक्या मासळीची बेगमी करतात. तेव्हा हिराबाय आणि तिच्या बरोबरीच्या बायका टोपल्या लादून तलासरी, झरी, रानशेत असे बाजार करतात. ते चार-पाच आठवडे म्हणजे त्यांचं वर्ष. बाकीचे दिवस नुसते ढकलायचे.

ट्रकचा ड्रायव्हर लखमा. रानशेतचा, पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्याची एक गोष्ट तालुकाभर चेष्टेचा विषय होती. नरपडची जमीन तळहातासारखी सपाट. तिथे खळ्याच्या कडेला या माणसाने मुरूम टाकून गाडीभर लांबीची, कमरेएवढी टेकडी बांधली होती. ट्रक त्यावर चढवून तोंड उताराकडे करून उभा करायचा. सकाळी ब्रेक सोडला की गाडी घरंगळायची, दुसऱ्या गियरमध्ये क्लच सोडला की इंजिन धरायचं. सेल्फला हात लावायची गरज नाही. मी चहाच्या टपरीवर म्हणायचो, ‘लखमाला घाट चढायची हौस, पण गाडी मिळाली समुद्रकाठची.’ लोक हसायचे. मी रोज नवीन काहीतरी जोडायचो.

दिवाळीनंतर लखमा गोणपाट घेऊन आला. सेल्फ पार जळालेला. मी तसाच दुसरा दिला. होळीच्या सुमारास तोही जळून परत आला. तांबं काळंठिक्कर, वास असा की टपरीवाल्याने चहा झाकून ठेवला. या वेळी बरोबर हिराबायही होती.

‘नाना, ह्या सेल्फला माझ्या बोंबलांचा वास सहन होत नाय काय?’ ती म्हणाली. ‘चार महिने पण टिकला नाय.’

आता सेल्फ असा जळतो कधी? बटण फार वेळ दाबून धरलं की. इतकं कोणीही सांगेल. मी लखमाकडे वळलो. ‘किती वेळ दाबतोस रे?’

‘दाबावा लागतो, नाना. लागतच नाय तं काय करू? खर्रर्र करतो नि सुटतो. तुमी एकदा नरपडला येऊन गाडी बघा. ते इंजिन...’

‘इंजिन मला शिकवू नकोस.’

दुकानात तेव्हा चार-पाच ड्रायव्हर बसलेले. श्रोते असले की माझी जीभ सैल सुटते. मी तो जळका सेल्फ उचलून सगळ्यांना दाखवला आणि म्हणालो, ‘हिराबाय, नवा सेल्फ देतो, पण आधी याचा अंगठा काप. मग बघ दहा वर्षं टिकतो की नाही.’

दुकान हसून लोळलं. लखमा हसला नाही. त्याने स्वतःच्या अंगठ्याकडे एकदा पाहिलं आणि गोणपाटाची घडी घालायला लागला.

आठ दिवसांत त्याचं नाव ‘अंगठ्या’ पडलं. बाजारात पोरंसुद्धा ओरडायची. आणि पंधरा दिवसांत हिराबायने त्याला कामावरून काढलं. तोंडावर हंगाम, गाडी दगा देऊन चालणार नाही, आणि नाना काय खोटं सांगतो होय?

घरी जेवताना मी हा विनोद बायकोला रंगवून सांगितला. तिने भाकरी मोडली आणि शांतपणे म्हणाली, ‘आदिवासी माणसाचा अंगठा मागणारे तुम्ही पहिले नाही.’

मला तो विनोद कळला नाही. म्हणजे कळला, पण त्या रात्री नको होता.

नवीन ड्रायव्हर आला. हातात घड्याळ मोबाइलएवढं, आणि बटण असं दाबायचा की जणू मोत्याला हात लावतोय. मे महिन्यात झरीच्या बाजारात तिसरा सेल्फ गेला. जळलेला नव्हता, पण इंजिन धरत नव्हता. बटण दाबलं की नुसता किंचाळायचा. गाडी बाजाराच्या मधोमध अडकलेली, टोपल्या खाली, आणि हिराबाय फोनवर. तिचा आवाज ऐकून मी बऱ्याच वर्षांनी स्वतः गाडीपाशी गेलो. खरं सांगायचं तर जाताना मनात एकच विचार होता. अंगठा तर गेला, मग आता कुणाला धरायचं?

सेल्फ उतरवला आणि त्या भोकातून बॅटरी मारून आतली रिंग पाहिली. रिंगचे दात टोकांना असे खाल्लेले होते की म्हातारीच्या तोंडात जास्त असतील. हाताने इंजिन फिरवत फिरवत मी रिंग बघितली, दाताची जाडी मापली, आणि मग शांतपणे त्या धुळीतच बसलो. या रिंगला दहा दातांचं पिनियन लागतं. मी दोन्ही वेळा नऊ दातांचं दिलं होतं.

ज्यांना एका दाताने काय फरक पडतो असं वाटतं त्यांच्यासाठी सांगतो. बोल्ट तेच, भोकं तीच, सेल्फ छान बसतो. पण पिनियन अंगाने लहान पडतं, त्याचे दात रिंगच्या दातांत खोल शिरत नाहीत, नुसते टोकाला टेकतात. मग ते घासत राहतं, सुटत राहतं, इंजिन फिरत नाही, ड्रायव्हर बिचारा दाबत राहतो आणि सेल्फ जळतो. दाबल्यामुळे जळतो हे खरं. का दाबावं लागतं हे मी विचारलंच नव्हतं.

‘हिराबाय, हे इंजिन मूळचं आहे?’

‘मूळचं कुठलं? आमच्या धाकल्या दिराने वापीच्या भंगारातनं आणून घातलेलं. सात-आठ वर्षं झाली. सेल्फ तेवढा जुन्या इंजिनाचाच ठेवला, बसला म्हणून.’

‘मग हे मला सांगायचं नाही?’

‘तुमी विचारलं कधी?’ ती म्हणाली. ‘नि लखमाला ठाव होतं की. त्यानेच तर इंजिन चढवलं होतं.’

ते इंजिन... एवढंच बोलून थांबला होता तो. थांबला कसला, मी थांबवला होता.

आणि मग त्या टेकडीचा उलगडा झाला. चुकीच्या दातांचा तो जुना सेल्फ सात वर्षं टिकला कसा? लखमाने तो सहसा वापरलाच नाही म्हणून. नरपडला टेकडी, बाजारात कुठलाही उतार. उतार नसेल तिथेच काय तो बटण दाबायचा, पण सात वर्षांत तेवढ्यानेही रिंग खाल्ली गेली आणि मग सेल्फ टिकेनासे झाले. रिंगचे दात वाचावेत म्हणून त्याने पाट्या पाट्या मुरूम वाहिला होता. अख्ख्या तालुक्यात त्या गाडीचा रोग एकाच माणसाला कळला होता, आणि मी त्याचा अंगठा कापायला निघालो होतो.

हे सगळं तिथल्या तिथे सांगून टाकलं असं लिहायला मला फार आवडलं असतं. तसं झालं नाही. मी म्हणालो, ‘रिंग घासली आहे.’ हे खरंच होतं. कशाने घासली हे गिळलं. गाडी ओढून दुकानी आणली, गिअरबॉक्स उतरवला, रिंग तापवून काढली आणि उलटी करून बसवली, म्हणजे न खाल्लेली बाजू पुढे आली. दहा दातांचा सेल्फ आणायला वापीला पार्टवाल्या शेठकडे गेलो. तो सवयीने गुजरातीत म्हणाला, ‘नाना, जूना जेवो ज आपुं?’ म्हणजे जुन्यासारखाच देऊ का?

‘जुन्याचं नाव काढू नका,’ मी म्हणालो.

नवा सेल्फ बसवला आणि गाडी एका टिचकीत सुरू झाली. हिराबायने अख्ख्या बाजारात माझी कीर्ती केली. ‘डॉक्टर हाय डॉक्टर.’ घरी ओला बोंबील पाठवला. बायकोने तो तळला. मी खाल्ला. इतका वाईट लागलेला बोंबील मी आयुष्यात खाल्लेला नाही, आणि त्यात बोंबलाचा काही दोष नव्हता.

आठ दिवस मी डॉक्टर होतो. नवव्या दिवशी नरपडच्या रस्त्याला एका चिकूच्या वाडीबाहेर टेम्पो भरत होता, तिथे लखमा दिसला. डोक्यावर क्रेट. तीस वर्षं स्टिअरिंग धरलेला माणूस दुसऱ्याच्या गाडीत माल चढवत होता. मला बघून त्याने क्रेट ठेवला आणि नेहमीच्याच आवाजात विचारलं, ‘कशी हाय गाडी, नाना?’

शिवी दिली असती तर मी काहीतरी उलट बोललो असतो. त्याने गाडीची चौकशी केली. मला भयंकर लाज वाटली. ती कुठल्याही शब्दात घालून कमी करता येत नाही म्हणून तशीच लिहितो.

तिथून सरळ खळ्यावर गेलो. दहा-बारा बायका बोंबील उलटत होत्या. विनोद सर्वांसमोर केला होता, तेव्हा हेही सर्वांसमोर, असं ठरवूनच गेलो होतो. ‘हिराबाय, दोन्ही सेल्फ मी चुकीचे दिले. दात मोजायचे होते ते मोजले नाहीत. लखमाची काही चूक नव्हती. तो सांगत होता, मी ऐकलं नाही.’

बायकांचे हात थांबले. हिराबायने हातातला बोंबील टोपलीत टाकला.

‘नि मी तुमच्या शब्दावर त्याला काढला,’ ती म्हणाली. मग जे बोलली त्यातला फक्त ‘नाना’ हा शब्द छापण्याजोगा आहे.

संध्याकाळी तिने स्वतः जाऊन लखमाला बोलावलं. हंगामाचा शेवटचा बाजार चार दिवसांवर आला होता. घड्याळवाला ड्रायव्हर तोवर गुजरातेत दुसऱ्या गाडीवर निघून गेला होता. गाडी होती, माल होता, चालवायला कोणी नाही. लखमाने निरोप पाठवला की येईन, पण एका अटीवर. टेकडी फोडायची. नानाने. स्वतः, फावड्याने.

मी विचारलं, हे कशासाठी? हिराबायने त्याचे शब्द जसेच्या तसे सांगितले. ‘सेल्फ बरोबर असेल तं टेकडी कशाला पाहिजे? नि बरोबर नसेल तं सपाटीवर धक्का मारायला नाना हाय.’

बिनतोड मुद्दा होता. पण हिराबायच्या तोंडचं पाणी पळालं. टेकडी गेली, सेल्फ लागला नाही, तर वर्षाचा माल खळ्यातच राहणार. ‘नाना, खात्री हाय ना?’ असं तिने चार वेळा विचारलं. चारही वेळा मी ‘आहे’ म्हणालो, दर वेळी थोडं हळू.

तीन दिवस मी रोज सकाळी डहाणूहून नरपडला जाऊन मुरूम फोडला. वय त्रेसष्ट, कमरेला पट्टा, हातात फावडं. लखमाने तो मुरूम इतक्या वर्षांत ट्रक फिरवून फिरवून दगडासारखा दाबला होता. बायका बोंबील उलटता उलटता बघायच्या. ‘नाना, जरा अंगठ्याने दाबा, मग निघंल!’ एक ओरडली आणि सगळं खळं हसलं. हे हसणं मी दोन महिन्यांपूर्वीच कमावलं होतं, आता पोचलं. बायकोही एक दिवस डबा घेऊन आली आणि सावलीत बसून, शाळेत परीक्षेच्या वेळी पोरांवर ठेवायची तशी माझ्यावर नजर ठेवून राहिली.

चौथ्या दिवशी पहाटे गाडी सपाट जमिनीवर, टोपल्यांनी भरलेली. टेकडीचा गुडघ्याएवढा तुकडा राहिला होता, तेवढाच माझ्याच्याने झाला नव्हता. रात्रभर दमट वारा खाऊन इंजिन गार पडलेलं. लखमा केबिनमध्ये चढला. हिराबायने डोळे मिटून घेतले. मी खाली उभा होतो आणि डोक्यात दात मोजत होतो. एक ते दहा, परत एक ते दहा. आयुष्यभर शेकडो सेल्फ बसवले, कधी देवाचं नाव घेतलं नाही. त्या दिवशी घेतलं, आणि नेमक्या कुठल्या देवाचं तेही ठरवलं नाही.

लखमाने खिडकीतून हात बाहेर काढला, मला अंगठा दाखवला, नीट, सगळ्या बाजूंनी, आणि मग आत घेऊन बटणावर ठेवला.

एकदाच दाबला. घुर्र झालं आणि इंजिनाने धरलं.

बायका ओरडल्या. हिराबाय डोळे पुसत टोपल्यांवर चढली. मी इतका खूश झालो की परत फावडं उचललं. म्हटलं, आता हा तुकडाही सपाट करतो, विषय संपवतो.

‘राहू द्या, नाना,’ लखमा वरून म्हणाला.

‘का रे? आता कशाला पाहिजे? लागला की सेल्फ एका दाबात.’

‘सेल्फ चांगला हाय,’ तो म्हणाला आणि गियर टाकला. ‘पण बसवला तुमी ना.’

गाडी झरीच्या बाजाराला निघून गेली.

या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. तो सेल्फ एकदाही उतरवावा लागलेला नाही. दुकानात कोणी गोणपाट आणलं तर मी आधी गाडीचा पत्ता विचारतो आणि भाच्याला बरोबर घेऊन जातो. ड्रायव्हर बोलायला लागला की तोंड बंद ठेवतो. हे मला सर्वांत जड जातं.

परवा जवळा आणायला नरपडला गेलो होतो. खळ्यात कुणी नव्हतं. ट्रक सावलीला उभा होता, आणि त्याची मागची चाकं त्या उरलेल्या मुरमावर चढवून ठेवलेली होती.